बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी चावी फिरवली, सेल्फ फिरण्याऐवजी नुसती कट-कट झाली आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. शेजारच्यांना बोलावून धक्का मारायचा, गाडी कशीबशी चालू करायची आणि थेट बॅटरीच्या दुकानासमोर नेऊन उभी करायची. तासाभरात काही हजार रुपये मोजून माणूस मोकळा होतो. तमाम गाडीवाल्यांना, टेम्पोवाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या दुकानाच्या वाटेवर पाच मिनिटं थांबा. बॅटरी उतरली ही झाली तक्रार. ती का उतरली, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही.

बॅटरी वीज साठवते. ती भरण्याचं काम अल्टरनेटरचं. गॅरेजमध्ये आजही त्याला सगळे डायनॅमोच म्हणतात, मीही तसंच म्हणतो. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो, गाडी चालू असताना दिवे, पंखे, हॉर्न, इंजिनाचा कॉम्प्युटर सगळ्यांना पुरवठा करतो आणि उरलेल्यातून बॅटरी भरतो. आता बॅटरी रिकामी होण्याच्या वाटा चार. ती स्वतः म्हातारी झाली. डायनॅमो चार्जच करत नाही. डायनॅमो करतोय पण वायरीतून ते बॅटरीपर्यंत पोचत नाही. किंवा गाडी उभी असताना कुठेतरी करंट गळतोय. नवी बॅटरी यातल्या पहिल्याच दुखण्यावर औषध आहे. आणि खरी फसगत पुढे होते. नवी बॅटरी दुकानातून भरलेली येते, त्यामुळे उरलेली तिन्ही दुखणी ती काही दिवस झाकून टाकते. सेल्फ दणक्यात फिरतो, मालक खूश, मेकॅनिक खूश. महिना-दीड महिन्यात पुन्हा तीच कट-कट. मग वॉरंटीचं कार्ड घेऊन चकरा सुरू. दुकानदार बॅटरी चार्जिंगला लावतो, दुसऱ्या दिवशी तपासून ‘बॅटरी ओके आहे’ म्हणून परत देतो, आणि त्याचं म्हणणं खरंच असतं. मात्र असं वारंवार पूर्ण उतरत राहिलं, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि चार वर्षं चालायची बॅटरी वर्षाच्या आतच बसते.

काही शे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. घरात एक ठेवा. त्याचा नॉब डीसी २० व्होल्टच्या खुणेवर आणायचा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. बस्स, एवढंच शिकायचं आहे.

पहिला आकडा सकाळी, गाडी चालू करण्याआधी घ्या. आदल्या दिवसापासून उभ्या असलेल्या गाडीची चांगली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आत्ताच चालवून आणलेल्या गाडीवर हा आकडा घेऊ नका. चार्जिंगचा वरवरचा फुगवटा त्यात असतो आणि बॅटरी आहे त्यापेक्षा बरी दिसते. एक आकडा मात्र नीट लक्षात ठेवा: १०.५. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडं वर. रात्रभर चार्जिंग करूनही मीटर १०.५ वरच अडला असेल तर एक सेल आतून शॉर्ट झालाय. तिथे वाद नाही, बॅटरी बदला.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. साधारण ९.६ च्या खाली आकडा कोसळायला नको. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर येत असेल, तर तिच्यातला दम संपलाय, वरवर आकडा चांगला दिसला तरी.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतो. कडक उन्हात, इंजिन तापलेलं असताना थोडा कमी, थंडीत थोडा जास्त. आता हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तो, सगळं लावा आणि इंजिनाला थोडी रेस द्या. तरी आकडा साडेतेराच्या वर टिकला तर डायनॅमो आपलं काम करतोय. इंजिन चालू असूनही मीटर १२.३, १२.२, १२.१ असा उतरत चालला तर चार्जिंग बंद आहे, गाडी बॅटरीच्या जिवावर चाललीय. ट्रक-बसच्या २४ व्होल्टला हेच आकडे दुप्पट धरा. आकडा १५ च्या वर गेला तर दुखणं उलटं आहे: रेग्युलेटर, ज्याला जुने मिस्त्री कटआउट म्हणतात, तो करंट आवरत नाही. अशा गाडीत बॅटरीचं पाणी वरचेवर आटतं, बल्ब पटापट उडतात, बॅटरीच्या बाजू फुगतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास आला की ती गाडी तशीच पुढे दामटू नका.

इथे एक सावधगिरी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचावं म्हणून डायनॅमोचं व्होल्टेज इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो चार्जिंग मुद्दाम कमी करतो आणि मीटर १२.८ सुद्धा दाखवू शकतो. एवढ्यावरून डायनॅमो उतरवायला सांगू नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, थोडा वेळ बघा. आकडा वर चढला तर सगळं ठीक आहे. नाही चढला तर अशी गाडी स्कॅनर असलेल्या माणसाकडेच न्या.

मीटर हाताशी नसला तरी डॅशबोर्डवरचा बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा बरंच सांगतो, फक्त त्याच्याकडे दोन्ही वेळा बघायला हवं. चावी ऑन केली, इंजिन अजून बंद, तेव्हा तो लागलाच पाहिजे. इंजिन चालू झालं की विझलाच पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला तर सगळ्यांना धास्ती वाटते. पण चावी ऑन करूनही तो लागत नाही, याकडे कोणी बघत नाही. जुन्या रचनेच्या गाड्यांत याच दिव्यातून डायनॅमोच्या रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला, तर धडधाकट डायनॅमोही चार्जिंग सुरू करत नाही. अशा वेळी बल्ब बदलण्याऐवजी कोणाच्या गळ्यात नवा डायनॅमो मारला जाऊ नये, म्हणून हे सांगतोय. दिवा पूर्ण न विझता मिणमिणत राहिला, तर बहुतेकदा डायोड गेलेला असतो.

दोष सापडला असं वाटलं तरी डायनॅमो उतरवण्याआधी बॉनेट उघडून नुसत्या डोळ्यांनी बघायच्या गोष्टी आहेत. पट्टा आधी. काचेसारखा चकाकत असेल, कडा उसवल्या असतील, थंड गाडी चालू करताना किंवा पावसात किंचाळत असेल, तर तो घसरतोय. साध्या पट्ट्याचा लांब भाग अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर आत जावा, जास्त नको. मग बॅटरीचे टर्मिनल. पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुवा, पॉलिश पेपरनं पोस्ट आणि क्लॅम्प आतून घासा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, तिच्यावर थोडं थांबतो. वायर. मोटार कितीही दमदार असली तरी पाइप मध्ये पिचका असेल तर शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही, तसंच इथे. डायनॅमोच्या मागच्या जाड नटावरून, ज्याला बी प्लस म्हणतात, एक जाड वायर बॅटरीच्या प्लसकडे जाते. परतीचा रस्ता इंजिनाच्या बॉडीतून, चासीतून, अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीच्या मायनसला येतो. वाटेत कुठे वायरीच्या टोकाचं थिंबल सैल झालं, आत हिरवट गंज चढला, की व्होल्टेज तिथेच मरतं.

भाजीचा माल वाहणारा एक छोटा टेम्पो असाच आला होता. मालकानं थोड्या अंतरानं दोन बॅटऱ्या घातल्या होत्या, कुठेतरी डायनॅमोही उघडून झाला होता. सेल्फ मंद फिरायचा, म्हणून जो तो बॅटरीलाच दोष द्यायचा. इंजिन चालू करून, दिवे लावून मीटर धरला. डायनॅमोच्या बी प्लसला आणि त्याच्याच बॉडीला: १४.३. बॅटरीवर: १२.९. मधले १.४ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक पिन बी प्लसला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावली, तर ०.२; चांगला आकडा. मग एक पिन डायनॅमोच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या मायनसला: १.२. हा रस्ता ०.२ च्या आत असायला हवा. खाली वाकून बघितलं तर इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्ट काढल्यावर थिंबलाखाली रंग, गंज आणि मातीचा थर निघाला. सेल्फ मंद फिरायचा तोही यामुळेच, कारण त्याचाही करंट याच रस्त्यानं परततो. पत्रा चकचकीत घासला, पट्टी नवी टाकली, बोल्ट कसला. बॅटरीवर १४.१ आले. त्या माणसानं दोन बॅटऱ्यांवर घातलेला पैसा त्याच्या किती दिवसांच्या फेऱ्यांचा होता, याचा विचार आला की आजही वाईट वाटतं. म्हणून म्हणतो, मेकॅनिकला स्पष्ट सांगा: भाऊ, डायनॅमो उतरवण्याआधी प्लसचा आणि अर्थिंगचा ड्रॉप मोजून दाखव.

हे सगळं चोख निघालं, मगच दोष डायनॅमोच्या आत. आणि आतला दोष म्हणजे नवा डायनॅमो, असंही समीकरण नाही. सगळ्यात जास्त झिजतात ते कार्बन. रोटरच्या तांब्याच्या रिंगांवर टेकून त्याला करंट देणारे हे दोन छोटे तुकडे. मागे स्प्रिंग असते. झिजून पाचएक मिलिमीटर उरले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि ते रिंगेवर नीट टेकत नाहीत. अशी गाडी खड्ड्यातून गेली की लाल दिवा लुकलुकतो, सपाट रस्त्यावर विझतो. डायनॅमोवर लाकडी दांड्यानं हलकेच टकटक केलं की चार्जिंग सुरू होतं. ही लक्षणं दिसली तर आधी कार्बन बघायला सांगा. खर्च अगदी किरकोळ असतो. मात्र रिंगांवर खोल चर पडले असतील तर नुसते कार्बन टाकून भागत नाही.

डायोडचा दोष फसवा. डायनॅमोत वीज तयार होते ती उलटसुलट दिशेची, एसी. ती डायोड प्लेटवरच्या किमान सहा डायोडांतून एकाच दिशेची होऊन बाहेर येते. एखादा डायोड गेला तरी चार्जिंग पूर्ण थांबत नाही, फक्त अपुरं पडतं. दिवसा कळतही नाही. रात्री दिवे, वायपर, ब्लोअर एकदम लागले की बॅटरी मागे पडत जाते. रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी घरघर ऐकू येते. मीटर एसीच्या खुणेवर ठेवून, इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोडवर संशय घ्या. शॉर्ट झालेला डायोड उभ्या गाडीतही बॅटरी खातो. त्याची एक साधी खूण आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडा, आणि इंजिन चालू न करता डायनॅमोला हात लावा. बाकी इंजिन गार आणि तो कोमट लागला, तर रात्री करंट कुठे गेला याचं उत्तर हातातच आहे.

बेअरिंगचा आवाज आला तर टाळाटाळ करू नका. ते जॅम झालं तर पट्टा तुटतो.

उभ्या गाडीतली गळती डायनॅमोखेरीज इतर गोष्टींमुळेही होते. घड्याळ, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर यांना थोडा करंट लागतोच. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत चालतो. पण एवढ्या करंटनंही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात अर्धी होते. गाडी पार्किंगमध्ये ठेवून महिनाभर परगावी जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं आणि मायनस काढून ठेवावा. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, कॅमेरा, डिकीचा न विझणारा दिवा, यांची गळती कितीतरी जास्त असू शकते. मोजायची असेल तर मायनस काढून मीटर १० अँपिअरच्या खोबणीत जोडून मध्ये लावा, सगळी दारं बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मग एकेक फ्यूज काढत बघा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

मेकॅनिक मंडळींना हात जोडून एक विनंती. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो चांगला, ही तपासणी आता सोडा. जुन्या गाड्यांवर ती खपून गेली. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं आणि त्यात डायोड, रेग्युलेटर, कधी इंजिनाचा कॉम्प्युटरही जातो. आणि मालकांनो, तुमच्या देखत कोणी पाना घेऊन चालू गाडीच्या टर्मिनलकडे वळला, तर त्याचा हात धरा. जंपर केबल उलटी लागली तरी डायोड जळतात, म्हणून प्लस-मायनसची खूण पुसट असेल तर आधी मीटरनं खात्री करा. ट्रॉलीचं वेल्डिंग ट्रॅक्टरला जोडलेल्या अवस्थेत करायचं असेल, तर आधी बॅटरी सोडवा.

ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे तर उसाच्या हंगामाचं बोलतो. रात्री-अपरात्री कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात, वर चार-चार जादा दिवे, मोठाले स्पीकर, ॲम्प्लिफायर. बऱ्याच ट्रॅक्टरांचा डायनॅमो पस्तीस-चाळीस अँपिअरच्या घरातला असतो आणि तोही पूर्ण वेगात. १०० वॉटचा एक दिवा ८ अँपिअर खातो. चार दिवे म्हणजे ३२. त्यावर टेप. कारखान्याच्या गेटावर तासन्‌तास रांगेत आयडलिंगवर उभं राहायचं, तर भरण्यापेक्षा उपसाच जास्त. यात ना बॅटरीचा दोष ना डायनॅमोचा. पण परतीच्या अंधारात बॅटरी बसली आणि ट्रॉलीचा मागचा दिवा विझला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो. टेप बंद ठेवा, मागचे दिवे चालू ठेवा. एलईडी लावले तर भार बराच उतरतो.

पूर्ण बसलेली बॅटरी, गाडी धक्क्यानं चालू करून, डायनॅमोकडूनच भरून घेऊ नका. रिकामी बॅटरी एकदम खूप करंट ओढते, डायनॅमो तापतो, आणि शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती भरतही नाही. दुकानात दहा-बारा तास सावकाश चार्जिंगला लावा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. तिथे विडी-काडी नको, टर्मिनलवर ठिणगी पाडून ‘जीव आहे का’ बघणं तर मुळीच नको. ॲसिड डोळ्यात गेलं तर चोळू नका, लगेच भरपूर साध्या पाण्यानं धूत राहा आणि तडक डॉक्टरकडे जा.

लांबच्या प्रवासात, घाटात, चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर आधी तापमानाचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. दिवा लागला आणि तापमानही चढलं तर पट्टा तुटलाय. सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा, नाहीतर हेड गॅस्केटवर जाईल. तापमान ठीक असेल तर इंजिन बंद करू नका, पुन्हा सेल्फ फिरेल याची खात्री नाही. एसी, ब्लोअर, टेप, मोबाइलचा चार्जर बंद करा. चांगली बॅटरी दिवसा अर्धा-पाऊण तास इंजिन ओढू शकते, रात्री हेडलाइटसह त्याहून कमी. तेवढ्या वेळात जवळचं गाव किंवा ढाब्याजवळचा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. दिव्याशिवाय रात्री पुढे जायचं धाडस नको.

आणि दुरुस्ती झाली, कार्बन असोत, रेग्युलेटर असो की अख्खा डायनॅमो, पैसे देण्याआधी तुमच्यासमोर मीटर लावायला सांगा. इंजिन चालू, दिवे बंद. इंजिन चालू, सगळे दिवे आणि ब्लोअर चालू. आणि इंजिन बंद करून काही वेळानं. हे तीन आकडे तारखेसह बिलाच्या मागे लिहून घ्या आणि ते बिल गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या खेपेला दुसऱ्या गावचा, दुसरा मिस्त्री बॉनेट उघडेल, तेव्हा त्याच्या हातात आधी तेच द्या.